धर्मग्रामातला ग्राम

मराठी कॅथलिकांनी पॅरिशसाठी ‘धर्मग्राम’ हा शब्द घडवला तेव्हा धर्म आणि ग्राम एका गाठीत बांधले गेले. चर्चच्या कायद्याची १९८३ ची संहिता कलम ५१५ मध्ये पॅरिशची व्याख्या करते, ती इमारतीवरून करत नाही. श्रद्धावंतांचा कायमचा समुदाय म्हणजे पॅरिश, आणि बिशपांच्या अधिकाराखाली त्याची जबाबदारी एका धर्मगुरूवर. कलम ५१८ पुढे सांगते की या समुदायाला सामान्यतः हद्द असावी आणि त्या हद्दीतले सगळे श्रद्धावंत त्यात यावेत. हद्द आली की रस्ता आला, हातपंप आला, अंगणवाडी आली, स्मशानभूमीचा वादही आला. व्यवहारात मात्र तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला धर्मग्राम भेटतो तो वेदीसेवकाचा झगा, कोयरची तालीम, नाताळचा गोठा आणि वार्षिक क्रीडादिन एवढ्या रूपांत. ग्राम कुंपणाबाहेर राहतो. कॅथलिक मुलामुलींच्या घडणीतून हा अर्धा शब्द गळाला आहे. तो चुकून गळालेला नाही, सोयीने गाळला आहे. आजचे हे अध्यक्षीय विवेचन त्या सोयीविरुद्ध आहे.

आपले लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात. या धर्मप्रांताची स्थापना १७ डिसेंबर १९७७ ची. त्याआधी हा मुलूख अमरावतीकडे होता आणि त्याच्याही आधी नागपूरकडे. मराठवाड्यातले मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, निजामाच्या अमलात, घोगरगावच्या बाजूने सुरू झाले, आणि ज्यांनी ते आपले मानले त्यांत मोठा वाटा महार आणि मांग वस्त्यांचा होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकालाही थोडे कमी, आणि त्यातले बहुतेक मुंबई, वसई, ठाणे, पुणे या पट्ट्यातले. वसईत वळणावळणावर क्रूस उभा असतो, तिथल्या मुलाला आपला धर्म कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लातूर जिल्ह्यातल्या औशाकडच्या एखाद्या गावात वर्गात एखादेच ख्रिस्ती मूल असते आणि मधल्या सुट्टीत त्यालाच विचारले जाते, ‘तुमच्यात नेमकं काय करतात रे?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेले नसते. त्याला प्रश्नोत्तरी पाठ असते, आणि प्रश्नोत्तरीत हा प्रश्न नाही.

चर्चचा कायदा या वयाला लहान समजत नाही, हे आधी नीट पाहिले पाहिजे. सातवे वर्ष पुरे झाले की समज आली, असे तो धरून चालतो. चौदा पुरी झाली की मांसवर्ज्य शुक्रवारचा नियम लागू होतो. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या लेकराच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणून उभे राहता येते, म्हणजे एका जिवाच्या श्रद्धेची हमी घेता येते. अठराव्या वर्षी माणूस सज्ञान. देशाचा कायदाही याच वाटेने चालतो. ६१ व्या घटनादुरुस्तीने मार्च १९८९ पासून मताचे वय २१ वरून १८ वर आले. २०२२ पासून मतदार नोंदणीसाठी वर्षात एकाऐवजी चार अर्हता तारखा झाल्या आणि सतरा पुरी केलेल्याला नमुना ६ आगाऊ भरण्याची सोय मिळाली. चौदा ते अठरा ही चार वर्षे दोन्ही कायद्यांनी तयारीची मानली आहेत. मधेच कुठेतरी दृढीकरण संस्कार येतो. बिशप कपाळावर तेलाने क्रूस काढतात आणि मुलगा पवित्र आत्म्याची सात वरदाने घडाघडा म्हणून दाखवतो. त्यात चौथे धैर्य. ते पाठांतरात कधी अडखळत नाही. ते वापरायचे कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही.

चर्चने ते सांगितलेले आहे, अगदी स्वच्छ शब्दांत. १९९२ च्या ‘कॅथलिक चर्चची धर्मशिक्षा’ या ग्रंथाचा परिच्छेद २२४० कर भरणे, मतदान करणे आणि देशाचे रक्षण करणे ही नैतिक बंधने ठरवतो. इथे शिफारस नाही, सूचना नाही, बंधन आहे. दोनच परिच्छेद पुढे तोच ग्रंथ बजावतो की सत्तेचा आदेश नीतीच्या, माणसाच्या मूलभूत हक्कांच्या किंवा शुभवर्तमानाच्या विरुद्ध असेल तर सद्सद्विवेकाने तो पाळायचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात मताचा हक्क आणि कर्तव्य यांची आठवण सर्वच नागरिकांना दिली. येशूला दाखवलेल्या नाण्याची गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. नाण्यावर सम्राटाची छबी होती, तेव्हा ज्याचे त्याला द्यावे, असा तिचा अर्थ लावून लोक मोकळे होतात आणि सरकार व देव यांची वाटणी झाली असे समजतात. पण त्या गोष्टीत उत्तर मागणाऱ्यांच्या खिशातच ते नाणे निघते. राज्याशी आपला संबंध नाही असे भासवणाऱ्यांच्या हातात राज्याचे चलन असते, आणि गोष्टीची खोच तिथेच आहे.

मग धर्मग्रामांत ‘आपल्याला राजकारण नको’ हे वाक्य आले कुठून? ते एका गैरसमजातून आले. संहितेचे कलम २८५ धर्मगुरूला सत्तेची पदे घेण्यास मनाई करते, कलम २८७ पक्षात सक्रिय होण्यास. ही बंदी झगा घातलेल्यांसाठी आहे. प्रापंचिकांना कलम २२७ ने नागरी व्यवहारात इतर नागरिकांइतकेच स्वातंत्र्य दिले आहे आणि परिषदेने तर जगाचा कारभार श्रद्धेच्या उजेडात चालवणे हेच प्रापंचिकांचे खास काम ठरवले आहे. धर्मगुरूची बंदी संपूर्ण धर्मग्रामाच्या अंगावर घालणे म्हणजे वाहनचालकाला चालत्या गाडीत झोपायला मनाई आहे म्हणून सगळ्या प्रवाशांना रात्रभर जागे ठेवण्यासारखे आहे. या मेळाव्याच्या पहिल्या रांगेत बसलेल्या काहींना हे रुचणार नाही. ‘पोरांची डोकी फिरवू नका’ असे पॅरिश कौन्सिलच्या बैठकांत सांगणारे लोक तिथेच बसतात.

संतांची निवडही बोलकी आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी व्हॅटिकनमध्ये दोन तरुणांना एकाच दिवशी संत म्हणून घोषित केले. कार्लो अकुतिस वयाच्या पंधराव्या वर्षी २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. संगणकात रमणारा, जीन्स आणि बुटांतला हा मुलगा युवा वर्गांच्या भित्तिपत्रकांवर ताबडतोब दिसू लागला. त्याच्याच जोडीचा पिएर जॉर्जो फ्रासाती १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी वारला. तो तुरीनच्या गरीब वस्त्यांत औषधे पोचवायचा, एका राजकीय पक्षाचा सभासद होता, फॅसिस्टांचा उघड विरोधक होता आणि मोर्चांत पोलिसांशी झटापटीही करून आला होता. आपल्याकडे भिंतीवर अकुतिस आधी चढतो आणि फ्रासातीसाठी सहसा खिळा शिल्लक राहत नाही. अकुतिसचा यात काही दोष नाही.

रविवारच्या मिस्सेत पौगंडवयीनांच्या वाट्याला हमखास येणारे एक काम म्हणजे श्रद्धावंतांच्या प्रार्थना वाचणे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पुन्हा रूढ केलेल्या या प्रार्थनांचा क्रम चर्चने ठरवून दिलेला आहे. आधी चर्चच्या गरजांसाठी, मग राज्यकर्त्यांसाठी आणि जगाच्या तारणासाठी, मग ज्यांच्यावर संकट आहे त्यांच्यासाठी, शेवटी स्थानिक समुदायासाठी. म्हणजे दर आठवड्याला, भर उपासनेत, नागरी जीवनासाठी राखीव जागा आहे. तिथे काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. धुऊन इस्त्री केलेल्या कपड्यांतली मुलगी ध्वनिक्षेपकापाशी येते. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला कागद तिच्या हातात असतो. त्याचे कोपरे वळलेले असतात आणि मधल्या ओळीवर मेणबत्तीच्या मेणाचा थेंब वाळलेला असतो. देशाच्या नेत्यांना सुबुद्धी मिळावी, अशी ओळ ती वाचते. मागच्या रविवारी तीच ओळ होती आणि तिच्या थोरल्या भावानेही चार वर्षांपूर्वी तीच वाचली होती. लोक उत्तर देतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. आदल्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांचे सृष्टीच्या जतनावरचे परिपत्रक निघाले होते आणि त्यात पिण्याचे सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे स्पष्ट म्हटले होते. अशा उन्हाळ्यातही त्या कागदावरची ओळ बदलायला हवी, असे कुणाला वाटत नसेल तर दोष कागदाचा नाही. प्रार्थना मुलांनी स्वतः लिहाव्यात, त्यात टँकरचे, बंद पडलेल्या योजनेचे, बालविवाहाचे नाव यावे. फादरांनी त्या एकदा तपासाव्यात आणि वाचू द्याव्यात. याला खर्च नाही आणि परवानगीही मागावी लागत नाही.

पुढचा प्रश्न अभ्यासाचा. ‘लातूर पॅटर्न’ने या जिल्ह्याला नाव दिले, औशासारख्या गावांतल्या पोरांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे दिसली, हे मान्य करावे. त्याच पॅटर्नने रविवारही नेला. सराव परीक्षा रविवारी सकाळी, मिस्सा रविवारी सकाळी. दहावीपासून मूल चर्चमधून गायब होते ते बारावीनंतर परत येते, किंवा येत नाही. पालक फादरांकडे येऊन सांगतात, ‘फादर, दोन वर्षं सोडा त्याला.’ फादर सोडतात. यावर शनिवारी संध्याकाळची मिस्सा हा मार्ग चर्चच्या कायद्यातच आहे. आदल्या संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे बंधन पुरे होते. तो प्रश्न सुटणारा आहे. न सुटणारा प्रश्न वेगळा आहे. परीक्षेतली कॉपी हे मराठवाड्याचे जुने दुखणे. महाराष्ट्रात १९८२ पासून परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा आहे, दरवर्षी कॉपीमुक्त अभियान होते आणि दरवर्षी केंद्राच्या खिडकीबाहेर कुणाचे तरी काका उभे असतात. २०२४ मध्ये नीट परीक्षेच्या गैरप्रकारांचा तपास लातूरपर्यंत आला आणि शिक्षकांना अटक झाली. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती मत नसते, जमीन नसते, पैसा नसतो. परीक्षेतला प्रामाणिकपणा ही त्याच्या हाती असलेली जवळजवळ एकमेव नागरी गोष्ट. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी विवेकपरीक्षेसाठी मुलांना जी यादी दिली जाते, तीत खोटे बोललो का, आईवडिलांना उलट उत्तर दिले का, मिस्सा चुकवली का, असे असते. कॉपी केली का, हा प्रश्न त्यात आणायला संकोच कशाचा? उत्तर ठाऊक आहे. मुलाबरोबर तो प्रश्न त्याच्या बापालाही लागू होईल आणि निकालाचे पेढे चर्चच्या आवारातही वाटले जातात.

आता सर्वांत अवघड गोष्ट. मराठवाड्यातल्या अनेक कॅथलिक घरांत मुलाला दोन नावे असतात. चर्चच्या संहितेच्या कलम ५३५ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी लागते, आणि दृढीकरण, विवाह यांची नोंदही त्याच ओळीसमोर होते. सॅक्रिस्टीच्या कपाटातून ती जाड पुठ्ठ्याची वही काढली जाते. जुन्या पानांवरची शाई तपकिरी पडलेली असते, आडव्या रकान्यांत संतांची नावे असतात. दृढीकरणाचा दाखला न्यायला आलेला मुलगा तिच्यात आपले नाव बोटाने शोधतो. त्याच्या दप्तरात शाळेचा दाखला असतो. त्यावर नाव वेगळे आणि धर्माच्या रकान्यात हिंदू, जातीच्या रकान्यात मांग किंवा महार. त्याने हे ठरवलेले नाही. हे त्याच्या आजोबांच्या काळात ठरले, आणि ठरवले राष्ट्रपतींच्या एका आदेशाने.

१० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू सोडून अन्य धर्म पाळणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांना त्यात सामावून घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. तमिळनाडूतला एक ख्रिस्ती झालेला चांभार सर्वोच्च न्यायालयात गेला. हिंदू चांभारांना सरकार फुकट टपरी देत होते, तीच त्याला हवी होती. धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तितकाच उरतो याचा पुरेसा पुरावा समोर नाही, असे सांगून न्यायालयाने १९८५ मध्ये त्याला नकार दिला. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात हा तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. ती कागदावर राहिली. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, नेमका संविधान दिन असताना, सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका बाप्तिस्मा झालेल्या महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला, आणि मनापासून श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही घटनेशी प्रतारणा ठरवली. न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन आयोग २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी नेमला गेला, त्याची मुदत वाढवावी लागली.

जातीचा जाच बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन निघतो, असे राज्य धरून चालते. ख्रिस्ती दलिताच्या घराला गावकुसाबाहेरचीच जागा असते, हे मात्र राज्याला दिसत नाही. हा अन्याय आहे, तो धर्माच्या आधारावरचा भेदभाव आहे आणि त्याला तसेच म्हटले पाहिजे. पण राज्याकडे बोट दाखवून चर्च सुटत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे जे धोरण जाहीर केले त्यात चर्चच्या आत जातभेद आहे, हे कबूल केले. १० ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळण्याचे आवाहनही दरवर्षी होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात यातले काय पोचते? आठवी आज्ञा शिकवताना खोटी साक्ष देऊ नये हे पोचते. ज्या मुलाचा दाखलाच त्याच्याविषयी वेगळी साक्ष देतो, त्याला त्या तासाला काय वाटत असेल, याचा विचार पाठ्यपुस्तक करणाऱ्याने केलेला नसतो. असा मुलगा दोन्हीकडे मान खाली घालायला शिकतो. चर्चमध्ये दाखला लपवतो, शाळेत क्रूस शर्टाच्या आत टाकतो. त्याला ढोंगी म्हणणे ही क्रूर चूक होईल. त्याला हा इतिहास तारखांसकट सांगणे, हा आदेश कुणी काढला, कोर्टात काय झाले, आयोगांनी काय म्हटले, बदल हवा असेल तर कायदा कुठे आणि कसा बदलतो, हे समजावणे हे धर्मग्रामाचे काम आहे. दृढीकरणाच्या तयारीत त्यासाठी दोन रविवार पुरतात. कोणता दाखला ठेवायचा हा निर्णय कुटुंबाचा. पण तो अंधारात घेतला जाऊ नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी तर पंचांगच उलटे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली टोळी गाव सोडते आणि गाळप संपल्यावर, होळी-पाडव्याच्या आसपास परतते. म्हणजे आगमनकाळ, नाताळ आणि उपवासकाळाचा बराचसा भाग फडावर जातो. गावी राहिलेल्या मुलामुलींपैकी थोरली पोर धाकट्यांना सांभाळते, किंवा चौदाव्या वर्षीच कोयत्याला जोडीदार हवा म्हणून तिचे लग्न होते. धर्मग्रामाच्या हजेरीपटावर अशी मुले ‘अनियमित’ ठरतात आणि दृढीकरण पुढच्या वर्षावर ढकलले जाते. हजेरीपट टोळीच्या मागे कारखान्यावर गेला पाहिजे, हे साधे उत्तर आहे. साखर कारखान्याची जागा ज्या धर्मग्रामात येते त्याला मूळ धर्मग्रामाने एक यादी धाडली तरी पुरे. नागरी बाजू अशी की २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, ऐन हंगामाच्या तोंडावर. घरातल्या मोठ्यांचे मत कुठे नोंदले आहे आणि ते द्यायला परत येता येणार आहे का, हे विचारणारे घरात सगळ्यांत शिकलेले माणूस बहुधा ते सोळा वर्षांचे पोरच असते.

भूकंपाचे किल्लारी औसा तालुक्यातलेच. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. मदतीला आलेल्यांत कॅरितास इंडिया ही कॅथलिक चर्चची संस्था होती. ते काम मोलाचे होते. पण त्यानंतर या भागात ख्रिस्ती म्हणजे वाटप करणारे, अशी ओळख घट्ट झाली आणि धर्मग्रामांनाही ती मानवली. दरवर्षी नाताळात मुले ब्लँकेटे वाटतात आणि फोटो निघतो. दान आणि नागरी कर्तव्य ही दोन वेगळी कामे आहेत. ब्लँकेट वाटताना मुलाला देण्याचा आनंद कळतो. भूकंपरोधक घरांचे नियम गावात पाळले जातात का, नव्या बांधकामाला परवानगी कोण देते, जुन्या पडझड झालेल्या शाळाखोलीत वर्ग भरतो का, हे विचारताना त्याला नकार पचवायला शिकावे लागते. पहिले काम सोपे आहे म्हणून तेच होते.

परक्या निष्ठेचा आरोप इथे टाळून चालणार नाही, कारण मुलांना तो मोबाइलवर रोज वाचावा लागतो. पोप रोममध्ये म्हणून निष्ठा रोमला, असे त्यांना ऐकवले जाते. पण जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीत, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात. जन्माने इंग्रज असलेल्या त्या माणसाला मराठी परकी वाटली नाही. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादला ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या आंदोलनात त्यांनी बिल्डर, टँकर आणि गुंडगिरी यांच्याविरुद्ध गावकऱ्यांना उभे केले होते. त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला तो ते धर्मगुरू आहेत एवढ्यावरून. पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही ते आले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. औशाच्या कॅथलिक मुलाला तोंडपाठ असायला हवे ते हे. आरोपाला उत्तर म्हणून देशभक्तीच्या घोषणा मोठ्याने दिल्या की भागते, हा समज सोडावा. १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, मिस्सेनंतर अनेक चर्चांच्या आवारात झेंडावंदन होते, लाडू मिळतो आणि सगळे घरी जातात. त्याच दिवशी गावात ग्रामसभा असते. १ मे रोजी कामकरी योसेफाचा सण, तोच महाराष्ट्र दिन, त्या दिवशीही बहुधा ग्रामसभा. १७ सप्टेंबर या मुक्तिसंग्राम दिनाला तर कित्येक धर्मग्रामांत काहीच नसते, जणू निजामाच्या राज्यात हे लोक राहतच नव्हते. लाडू खाऊन झाल्यावर मुलांना रांगेने ग्रामसभेत नेऊन मागे बसवावे. अठराखालच्यांना तिथे मत नाही, ऐकायला मनाई नाही. तिथे औशाच्या नाथ संस्थानाच्या चक्रीभजनात फेर धरणारी वर्गमित्रांची घरेही भेटतील, आणि पाण्याचा प्रश्न दोघांचा एकच निघेल.

धर्मग्रामाच्या आतही नागरिकशास्त्राची प्रयोगशाळा तयार आहे. संहितेच्या कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती सक्तीची आहे. पॅरिश कौन्सिल बिशपांच्या निर्णयावर अवलंबून असते, पण कुठल्याही सार्वत्रिक नियमाने त्यात सतरा वर्षांच्या मुलीला मज्जाव केलेला नाही. वर्षातून एकदा जमाखर्च फळ्यावर लिहावा आणि तो वाचून दाखवण्याचे काम दृढीकरण झालेल्या मुलांना द्यावे. दानपेटीतले किती आणि छपरावर किती गेले हे विचारण्याची सवय ज्याला चर्चमध्ये लागली, त्याला ग्रामपंचायतीत विचारताना घशाला कोरड पडत नाही. ज्याला चर्चमध्ये गप्प बसवले, तो बाहेरही गप्पच बसतो.

ग्रामपंचायतीत विचारण्याची वाट कायद्याने आधीच मोकळी केली आहे. २००५ चा माहितीचा अधिकार कलम ३ प्रमाणे सर्व नागरिकांना आहे, त्यात वयाची अट नाही. लखनौच्या एका शाळकरी मुलीने २०१२ मध्ये गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी कोणत्या आदेशाने दिली असे विचारून केंद्र सरकारला दप्तरे चाळायला लावली होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग ग्रामपंचायतींसाठी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. तो आपल्या गावात कशावर खर्च झाला, हा प्रश्न दहावीतल्या कुणालाही सुचू शकतो. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा. घर दारिद्र्यरेषेखालचे असेल तर दाखल्याची प्रत जोडायची, स्टॅम्प लागत नाही. अर्ज दिल्यावर पोच घ्यायची आणि तिच्यावर शिक्का व तारीख आहे ना ते पाहायचे. उत्तराला तीस दिवस. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.

धर्मशिक्षणाचा वर्ग जूनमध्ये सुरू होतो. पहिल्या रविवारी वह्या वाटल्या जातात, तेव्हा प्रत्येक वहीत जोडपत्र ‘अ’चा एक कोरा नमुना घडी घालून ठेवता येईल.